खोदलेला रस्ता, तात्पुरता सिग्नल आणि सगळ्यांत शेवटचा माणूस

मागच्या अंकात चौकातल्या सिग्नलचे सेकंद कसे ठरतात ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं मात्र खोदलेल्या रस्त्यांबद्दल आहेत. अर्धा रस्ता बंद, उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडची वाहतूक आळीपाळीने सोडायची, आणि ती सोडायला चार दिवसांसाठी आणून ठेवलेला सिग्नल नाहीतर झेंडेवाला. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला दिलं आहे. सिग्नल बसवणं आणि त्यांचे सेकंद लावणं हेच माझं आयुष्यभराचं काम. आधी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलमध्ये आणि नंतर इथे महाराष्ट्रात. त्यामुळे दोन्हीकडची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची. सध्या इंग्लंडमध्ये शेफील्डला नर्स आहे आणि ड्यूटीला सायकलने जाते. आमच्याकडचे रस्ते म्हणजे नुसते चढ-उतार. माझ्या वाटेवरच्या एका चढावर पाण्याची पाइपलाइन बदलायचं काम चालू आहे. साधारण १२० मीटर एकच लेन उघडी आहे आणि दोन्ही टोकांना तात्पुरते सिग्नल आहेत. मी हिरव्यावर निघते, पण निम्मं अंतर होत नाही तोच समोरून गाड्या सुटतात. परवा एकाने काच खाली करून ‘लाल तोडून आलीस’ म्हणून मला सुनावलं. मी तोडला नव्हता. नवरा म्हणतो, लाल असतानाच थोडं आधी निघत जा, म्हणजे वेळेत पार होशील. चूक कोणाची, आणि मी काय करू?

उत्तर : तुमची चूक नाही. चूक सेकंदांची आहे, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. कशी ते जरा सविस्तर सांगते, कारण हे एकदा नीट कळलं की फोनवर कोणी तुम्हाला उडवून लावू शकणार नाही.

अशा सिग्नलला एका बाजूचा हिरवा संपल्यावर दुसरीकडे लगेच हिरवा लागत नाही. मधे काही वेळ दोन्ही बाजूंना लाल असतो. आम्ही सिग्नलवाले त्याला ‘ऑल-रेड’ म्हणतो. आत शिरलेला माणूस पलीकडे बाहेर पडावा, एवढ्यासाठीच तो ठेवलेला असतो. साध्या तात्पुरत्या सिग्नलमध्ये हा आकडा यंत्र आपलं आपण ठरवत नाही. सिग्नल मांडायला आलेला माणूस कामाची लांबी बघतो आणि पेटीत तो आकडा भरतो. हिशेब धरताना त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा मोटार असते.

आता तुमच्या चढावरचा हिशेब मांडू. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार १२० मीटर साडेचौदा सेकंदांत पार करते. सपाटीवर ताशी १५ किलोमीटरने चालवणाऱ्या सायकलस्वाराला त्याच अंतराला २९ सेकंद लागतात. चढावर बारा तासांची ड्यूटी अंगावर असलेली बाई ताशी ८ किलोमीटरने चालवत असेल, तर ५४ सेकंद. समजा, ऑल-रेड १५ सेकंदांचा लावला आहे. तुम्ही हिरवा संपता संपता आत शिरलात, तर तुमच्या बाजूच्या पिवळ्याचे ३ सेकंद, ऑल-रेडचे १५ आणि समोरच्या बाजूला हिरव्याआधी लाल-पिवळा एकत्र लागतो त्याचे २, असे एकूण २० सेकंद तुमच्या हातात आहेत. तेवढ्यात तुम्ही जेमतेम ४५ मीटर वर गेलेल्या असता. पुढचं सगळं अंतर समोरून सुटलेल्या गाड्यांच्या तोंडी. तुम्ही लिहिलंय ते अगदी तंतोतंत हेच आहे.

तेव्हा पहिलं काम फोनचं. ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक कामावर माहितीचा फलक लावावाच लागतो आणि त्यावर काम करणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर असतो. ‘सिग्नल धोकादायक आहे’ एवढंच म्हणालात, तर तक्रार नोंदवून घेतील आणि दिवे लागताहेत ना, एवढं बघून जातील. तुम्ही सांगायचं ते असं : कुठला रस्ता, चढाच्या दिशेने, किती वाजता, आणि ‘ऑल-रेड टाइम सायकलला पुरत नाही, मी हिरव्यावर निघून अर्ध्यात असताना समोर हिरवा लागतो’. शक्य झालं तर शेजारी कोणाला तरी उभं करून तुमच्या बाजूचा हिरवा गेल्यापासून समोरचा हिरवा लागेपर्यंतचे सेकंद मोजून घ्या आणि तो आकडा सांगा. आकडा ऐकला की पलीकडचा माणूस कागद ओढतो, हा माझा तिथला अनुभव. मग तीच तक्रार कौन्सिलच्या हायवेज विभागालाही कळवा. दुसऱ्याच्या रस्त्यावर असे दिवे लावायला त्यांची संमती लागते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

ते कदाचित म्हणतील की ऑल-रेड वाढवला तर सगळ्यांनाच जास्त थांबावं लागेल. हे खरं आहे. आणि लाल फारच लांबला की काही ड्रायव्हर तो तोडतात, हेही खरं आहे. पण त्यावर उपाय आहेत. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे बंद ठेवलेला पट्टाच आखूड करायचा. खोदलेला चर ४० मीटरचा आणि रस्ता अडवणारे प्लास्टिकचे कोन मात्र १२० मीटर मांडलेले, कारण उद्या परवा तिथे पोचायचंच आहे, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. पट्टा ६० मीटरवर आणला तर तुमचे ५४ सेकंद २७ वर येतात. दुसरा उपाय, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत यंत्र बंद करून दोन माणसं हातात ‘स्टॉप-गो’ची फिरती पाटी घेऊन उभी करायची. माणसाला सायकल दिसते. ती बाहेर पडेपर्यंत तो पाटी फिरवत नाही.

काम होईपर्यंत तुम्ही काय करायचं? शिरताना लेनच्या मधोमध चालवा. अंग चोरून कडेला गेलात तर मागची गाडी अरुंद जागेत तुम्हाला ओलांडायला बघते आणि तुम्ही कोनच्या बाजूला ढकलल्या जाता. रस्ता अरुंद होतो तिथे मधोमध चालवा, हे ‘हायवे कोड’ या ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात २९ जानेवारी २०२२ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी जास्त, हे तत्त्वही त्याच वेळी त्यात आलं. शिवाय त्याच पुस्तकाप्रमाणे हिरवा म्हणजे वाट मोकळी असेल तर पुढे जा. समोर सायकल दिसत असताना हिरव्याच्या जोरावर अंगावर येण्याचा हक्क त्या काच खाली करणाऱ्याला कुणीही दिलेला नव्हता. तरीही कोणी येतच राहिला तर थांबा, पाय टेका आणि फूटपाथच्या बाजूला सरका. चराच्या बाजूला कधीच नाही.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या सिग्नलच्या डोक्यावर एक लहान डबी असते. ती रडारने आपल्याकडे येणारी हालचाल टिपते आणि त्यावरून कोण वाट बघतंय ते यंत्राला कळतं. ती थांबलेलं काही बघत नाही, आणि अगदी हळू, कडेकडेने सरकत आलेली सायकल तिच्या नजरेतून निसटू शकते. तेव्हा पहाटे रस्त्यावर तुम्ही एकट्याच असाल आणि लाल काही केल्या जात नसेल, तर थोडं मागे जाऊन लेनच्या मधून नेहमीच्या वेगाने पुन्हा सिग्नलकडे या. बहुधा तेवढ्याने काम होतं.

यजमानांचा सल्ला मात्र ऐकू नका. लाल असताना निघालात तर पलीकडचा शेवटचा ट्रक अजून आतच असण्याची शक्यता आहे, आणि तो तुमची अपेक्षा करत नसतो. तात्पुरत्या लाल दिव्याला कायद्यात कायमच्या दिव्याइतकीच किंमत आहे आणि तो सायकललाही लागू आहे. घाई असेल, अंगात त्राण नसेल, तर उतरून सायकल हातात धरा आणि फूटपाथवरून चालत पार व्हा. पण हा तुमच्या सोयीचा पर्याय आहे. ‘सायकलवाल्यांनी उतरा’ अशी पाटी लावून ठेकेदाराने सुटका करून घेणं योग्य नाही. ब्रिटिश सरकारच्या जुलै २०२० च्या सायकल मार्गदर्शिकेतही ती पाटी टाळावी असंच म्हटलं आहे.

प्रश्न : आमचं शहर छापू नये ही विनंती. माझं वय ७४, सौ.चं ७०. चौकात ड्रेनेजचं काम निघाल्यापासून कायमचा सिग्नल बंद आहे. त्याच्या जागी चाकाच्या ट्रॉलीवरचा सोलर सिग्नल आणून उभा केलाय. त्यात चालणाऱ्या माणसाचं चित्रच नाही. फूटपाथवर पत्रे ठोकलेत, आणि पत्र्यांपुढे जी थोडी जागा उरली होती तिथे ती ट्रॉली. दूध आणायचं म्हटलं तरी ट्रकच्या चाकाशेजारून चालावं लागतं. पोलीस म्हणतात पालिकेत जा, पालिकेत म्हणतात ठेकेदाराला सांगा, ठेकेदाराचा मुकादम म्हणतो साहेब नाहीत. आम्ही चालायचं कुठून आणि विचारायचं कोणाला?

उत्तर : काका, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी कोणाला विचारायचं ते सांगते.

रस्ता ज्याचा, जबाबदारी त्याची. खोदायची परवानगी ज्या कार्यालयाने दिली, ते कार्यालय तुम्हाला उत्तर द्यायला बांधलेलं आहे. ठेकेदार हा त्यांचा माणूस, त्याच्या मागे तुम्ही फिरायचं नाही. वाहतूक वळवायला आणि तो ट्रॉलीवरचा सिग्नल लावायला वाहतूक पोलिसांची संमती घेतलेली असते. म्हणून अर्ज एकच लिहा, वरती दोघांची नावं घाला आणि दोन्हीकडे पोच घ्या. एकमेकांकडे बोट दाखवायला मग जागा राहत नाही.

अर्जात काय मागायचं? रस्त्यावर काम काढताना वाहतुकीचं काय करायचं, याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिले आहेत. त्यांचा क्रमांक आयआरसी एसपी ५५, साल २०१४. हा क्रमांक अर्जात अवश्य लिहा, कारण अभियंता मंडळी या क्रमांकांनीच बोलतात. त्यानुसार काम सुरू होण्याआधी वाहतूक व्यवस्थापनाचा आराखडा करायचा असतो, आणि त्यात फक्त गाड्या कुठून जातील एवढंच नसतं. चालणाऱ्यांची वाट कुठून, तिला कठडा कसला, हेही दाखवायचं असतं. तुम्ही मागायचा तो हाच आराखडा. अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. १० रुपयांत काम होतं आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. माहिती माणसाच्या जिवाशी संबंधित असेल तर ४८ तासांत द्यायची, अशीही तरतूद २००५ च्या त्या कायद्यात आहे. तिचा उल्लेख करून पाहा. आराखडाच केलेला नसेल, तर तेही लेखी बाहेर येतं, आणि ‘नाही’ असं कागदावर लिहून द्यायला कोणत्याच अधिकाऱ्याला आवडत नाही.

एक फोटो जोडा. नुसता पत्र्यांचा फोटो नको. पत्र्यापासून चालत्या वाहतुकीपर्यंत उरलेल्या जागेवर मोजायचा टेप पसरा आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा. पादचाऱ्यांसाठीच्या आयआरसी १०३ या नियमावलीत फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. कामाच्या जागी तेवढी मिळणार नाही हे मला माहीत आहे, पण व्हीलचेअर आणि समोरून येणारा माणूस यांना सामावणारी वाट मिळालीच पाहिजे. ब्रिटनमधल्या रस्त्याच्या कामांच्या नियमावलीतही जागा कितीही अडचणीची असली तरी १ मीटरच्या खाली जायचं नाही आणि शक्यतो १.५ मीटर ठेवायची असं आहे. फूटपाथ बंद केला तर रस्त्याचाच एक पट्टा कठडे लावून चालणाऱ्यांना द्यायचा. आपल्याकडे हे होत नाही याचं कारण जागा नाही हे नव्हे. तुमच्या चौकात गाड्यांसाठी किती लेन सोडल्यात ते बघा. त्यातली एक थोडी अरुंद केली तर तुमची वाट निघते.

आता सेकंद. ट्रॉलीच्या सिग्नलमध्ये माणसाचं चित्र नसलं तरी चारही बाजूंना लाल ठेवून चालणाऱ्यांना वेळ देणं त्या यंत्रात शक्य असतं, फक्त तसं लावावं लागतं. आमच्या हिशेबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. चार लेनचा, १४ मीटरचा रस्ता ओलांडायला त्या वेगाने १२ सेकंद पुरतात. तुमच्या आणि काकूंच्या वयाला सेकंदाला ०.८ मीटर धरायला हवं, म्हणजे साडेसतरा सेकंद. अर्जात ‘पुरेसा वेळ द्यावा’ असं मोघम लिहू नका. ‘किमान १८ सेकंद’ असं लिहा.

हे सगळं होईपर्यंत रोजचं दूध आणायचंच आहे. ओलांडताना सिग्नलच्या ट्रॉलीजवळून ओलांडू नका. तिच्या आडून येणारी टू-व्हीलर तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तिला. चौकापासून थोडं मागे, जिथे गाड्या रांगेत थांबलेल्या असतात आणि पत्रे संपलेले असतात, तिथून, पहिल्या थांबलेल्या ड्रायव्हरच्या नजरेला नजर देऊन निघा. थांबलेल्या गाड्यांच्या फटीतून मोटारसायकल येते, म्हणून प्रत्येक फटीपाशी थबकून डोकं पुढे काढून बघा. डावीकडे वळणारे लाल असला तरी वळतात, तो भाग टाळा. आणि संध्याकाळी जायचं झालं तर हातात टॉर्च असू द्या, पेटवलेली, जमिनीकडे धरलेली.

तुम्ही विनंती केल्यासारखं लिहिलंय, पण हा तुमचा हक्क आहे. चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८ ए हे कलम आलं : रस्त्याचं काम करणाऱ्याने सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर एक लाखापर्यंत दंड. रक्कम मला फार कमी वाटते. पण कलमाचा उल्लेख अर्जात असला की फाइल वरच्या टेबलावर जाते. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक. हे वाचताना मला प्रत्येक वेळी तुमच्यासारखं कोणीतरी पत्र्याला हात लावून चालताना दिसतं, आणि राग येतो.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, सायकलने क्लासला जातो. रस्त्याच्या कामापाशी झेंडेवाला लाल झेंडा दाखवतो तेव्हा हा कडेने निघून जातो. म्हणतो, सायकलला कशाला थांबायचं?

उत्तर : थांबायचंच. एकेरी सोडलेल्या पट्ट्यात समोरून येणाऱ्याला खात्री असते की आता कोणी येणार नाही, म्हणून तो वेगाने येतो. तुमच्या मुलाला बाजूला व्हायला एकीकडे चर आणि दुसरीकडे पत्रा. रागावण्यापेक्षा एकदा त्याला तिथे पट्ट्याच्या तोंडाशी उभं करा आणि आतून बाहेर पडणाऱ्या टेम्पोचा वेग बघू द्या.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करते. ऑफिसच्या वाटेवर खड्ड्याभोवती लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधलेली असते. माझी काठी तिच्या खालून जाते आणि पट्टी पोटाला लागते तेव्हा पाय खड्ड्याच्या काठावर असतो. याला काही नियम आहे का?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ती पट्टी फक्त डोळे असलेल्यांसाठी आहे, आणि तेही उजेडात. हे संरक्षण नव्हेच.

काय असायला हवं ते अगदी मापात सांगते, म्हणजे तुम्हाला मागता येईल. ब्रिटनच्या नियमात खड्ड्याभोवतीच्या कठड्याला दोन आडव्या फळ्या असतात. वरची फळी कमरेच्या उंचीला, १ ते १.२ मीटरवर. खालची खास काठीसाठी : किमान १५० मिलिमीटर रुंद, आणि तिची खालची कड जमिनीपासून २०० मिलिमीटरपेक्षा वर नाही. काठी फिरवली की ती या फळीवर टक्‌ करून लागते आणि खड्डा पुढे आहे हे पाऊल टाकायच्या आधी कळतं. सलग, मधे फट न ठेवता. बांबू आणि पॅकिंगची फळी एवढ्यात हे होतं. परदेशी सामान लागत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपल्याकडे आहे, त्याचा उल्लेख करून वॉर्ड ऑफिसला ही मापं लिहून द्या. बँकेतल्या एखाद्या सहकाऱ्याला फोटो काढायला सांगा, काठी पट्टीच्या खालून गेलेली दिसेल असा.

तात्पुरता सिग्नल असेल तिथे तुम्हाला आवाजाचा इशारा मिळणार नाही. गाड्या थांबल्याच्या आवाजावर विसंबून निघू नका, कारण दोन्हीकडे लाल असताना अशीच शांतता होते आणि पुढच्या क्षणी कुठल्या बाजूने सुटतील ते कळत नाही. झेंडेवाला किंवा वॉर्डन असेल तर त्याला हाक मारून ‘मला पलीकडे जायचंय, दोन्ही बाजू थांबवा’ असं सांगा. हे त्याचं काम आहे, उपकार नव्हेत.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमा सिव्हिल, एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर. राज्य रस्त्यावर मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलाचं काम चालू आहे, अर्धा रस्ता बंद. सिग्नल मिळाला नाही, दोन झेंडेवाले आहेत. जवळच शाळा आणि साखर कारखाना, सायकली आणि पायी माणसं खूप. बजेटमध्ये फारसं काही नाही. पण माझ्या साइटवर कोणाला काही होऊ नये असं मनापासून वाटतं. काय करू शकतो?

उत्तर : तुमच्या पत्राने बरं वाटलं. साइटवर उभा असलेला माणूस जे करू शकतो ते माझ्यासारखीला लिहून करता येत नाही. आणि यातलं बरंचसं फुकटात होणारं आहे.

सुरुवात झेंडेवाल्यांपासून करा. दोघे एकमेकांना दिसत नसतील तर त्यांना वॉकीटॉकी द्या. तेही नसेल तर जुनी पद्धत वापरा : या बाजूने सोडलेल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात एक रंगवलेली काठी द्यायची, ती पलीकडच्या झेंडेवाल्याच्या हातात पडेपर्यंत त्याने हिरवा दाखवायचा नाही. इथेच घोळ होतो तो असा. काठी शेवटच्या गाडीला दिली जाते, आणि तिच्या मागून शिरलेली सायकल मोजलीच जात नाही. ट्रक काठी घेऊन पुढे निघून गेला, पलीकडून वाहतूक सुटली, आणि कारखान्यातून सुटलेला कामगार सायकलसह मधे. म्हणून दोघांनाही सांगा : काठी शेवटच्या माणसाच्या हातात द्यायची, मग तो सायकलवर असो नाहीतर डोक्यावर भारा घेऊन चालत असो. तो पोचला की वाट मोकळी. शाळेची पोरं तर ती काठी मोठ्या अभिमानाने नेतात.

झेंडेवाल्यांना चार तासांनी बदली द्या आणि सावली द्या. उन्हात उभा राहून डोकं बधिर झालेला माणूस शेवटी फक्त ट्रककडे बघतो, कारण ट्रक हॉर्न वाजवतो.

शाळा सुटायच्या वेळी अर्धा तास डंपर आत घेऊ नका. मुख्याध्यापकांकडून वेळा लिहून आणा आणि मुकादमाच्या खोपटात भिंतीवर लावा.

चराच्या कडेला, जिथून वाहतूक जात नाही त्या बाजूने, चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट काढा. जागा मिळत नसेल तर खोदलेली माती हलवा. ती नेमकी जिथे माणसं चालली असती तिथेच टाकलेली असते. चरावर टाकायच्या लोखंडी प्लेटकडे खास बघा. पावसात ती प्लेट सायकलच्या चाकाला साबणासारखी लागते. तिच्यावर खडबडीत पट्टे वेल्ड करून घ्या, किंवा निदान डांबर लावून वर बारीक कच टाका. प्लेटची कड रस्त्यापेक्षा वर येत असेल तर सिमेंटचा उतार करा. दोन प्लेटमधली फट वाहतुकीच्या दिशेने कधी येऊ देऊ नका, सायकलचं चाक बरोबर त्यात अडकतं.

बोर्डांचे पाय वाळूच्या पोत्यांनी दाबा, दगडांनी नको. गाडी धडकली की दगड उडतो आणि चालणाऱ्याला लागतो. बोर्ड फूटपाथवर किंवा साइडपट्टीवर आडवा ठेवू नका, नाहीतर गाड्यांना सावध करण्यासाठी माणसांची वाट अडते.

रात्री झेंडेवाले घरी जातात आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. सूर्य मावळायच्या आत तुम्ही स्वतः एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पायी जा, मग तसंच सायकलवर. पिवळा ब्लिंकर लागतोय का, चराभोवतीचा कठडा सलग आहे का, रिफ्लेक्टरवर चिखल बसलाय का ते तेव्हाच दिसतं. जीपमधून दिसत नाही. आणि रात्री एकेरी वाहतूक सोडायला कोणीच नसेल, तर पट्टा दिवसा असतो तेवढा लांब ठेवू नका. भरून झालेला भाग संध्याकाळी उघडा करा, म्हणजे समोरचं टोक नजरेत येतं.

हे सगळं पुढच्या कामाच्या निविदेत वेगळी बाब म्हणून लिहून घ्यायला तुमच्या साहेबांना सांगा : कठडे, झेंडेवाले, रात्रीचे दिवे, प्रत्येकी किती दिवस, किती दराने. एकरकमी ‘सुरक्षा’ म्हणून आकडा टाकला की कामाच्या घाईत तो पहिल्यांदा कापला जातो. बाबवार असेल तर मोजून बिल निघतं आणि वस्तू साइटवर येते. मोरी पुरी झाली की बोर्ड आणि ब्लिंकर त्याच दिवशी उचला. काम नसताना ‘काम चालू’ची पाटी पाहायची सवय झाली की पुढच्या मोरीपाशी ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवत नाही.